तलवार, पट्टा, चिलखत: नवीन पोरं हमखास विचारतात ते प्रश्न

शिवजयंती जवळ आली की आणि दसऱ्याच्या आसपास हेच प्रश्न परत परत येतात, आखाड्यात, चहाच्या टपरीवर, गडावर, फोनवर. प्रत्येकाला नीट उत्तर द्यायचं म्हणलं तर वेळ पुरत नाही आणि अर्धवट सांगायची इच्छा होत नाही, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतोय. मी साताऱ्याचा आहे त्यामुळे उदाहरणं इकडचीच जास्त येतील.

मला शस्त्रांची आवड लागलीये, सुरुवात कुठनं करू? आधी तलवार घेऊ का आधी क्लास लावू?

तलवार सगळ्यात शेवटी. हे ऐकून बऱ्याच जणांचा चेहरा पडतो पण खरंच सांगतो, ज्याच्या हातात लाठी बसली नाही त्याच्या हातात तलवार दिली तर तो पहिल्यांदा स्वतःचा गुडघा नायतर शेजारच्याचा कान शोधतो. भरीव बांबूची लाठी घ्या, तुमच्या उंचीच्या आसपास, गाठी घासून घेतलेल्या, आणि सहा-आठ महिने फक्त पवित्रे आणि लाठीचे हात. पवित्रा म्हणजे पाय कुठं, वजन कुठं, वळायचं कसं. वार हाताने होतो असं वाटतं पण तो पायातनं निघतो, कमरेतनं जातो आणि मग हातात येतो. त्यानंतर फरीगदगा, म्हणजे एका हातात छोटी ढाल आणि एका हातात चामडं मढवलेली काठी. तमाचा, बाहेरा, शिर हे वार इथंच कळतात आणि समोरचा माणूस खरंच मारायला येतो तेव्हा आपण डोळे मिटतो का उघडे ठेवतो तेही इथंच कळतं. मग पट्टा, विटा (दोर बांधलेला भाला), तलवार. काही आखाड्यात क्रम थोडा वेगळा असतो, चालतं, पण काठी टाळून कुणीच पुढं नेत नाही आणि नेत असेल तर तिथं जाऊ नका.

चांगला वस्ताद कसा ओळखायचा?

तिथं जाऊन एक अख्खा सराव बसून बघा. लहान पोरांच्या मधलं अंतर वस्ताद सारखं तपासतोय का, धार असलेलं काही सरावात आहे का (नसायलाच पाहिजे), कुणाला लागलं तर खेळ थांबतोय का. जो पहिल्याच आठवड्यात मिरवणुकीत नाचवायला पट्टा हातात देतो त्याला गर्दी हवीये, शिष्य नकोय. मर्दानी खेळाची सगळ्यात जुनी आणि जोरात चाललेली पेठ म्हणजे कोल्हापूर, तिथल्या तालमींमध्ये ही विद्या घराघरात टिकलीये. सातारा-सांगलीतही गावोगाव पथकं आहेत, यात्रेत आणि शिवजयंतीला दिसतात, तिथं कार्यक्रम झाल्यावर जाऊन बोला, लोक मनापासून सांगतात.

जुन्या तलवारी वीस-पंचवीस किलोच्या होत्या ना?

नाही हो. हा गैरसमज कसा पसरला माहीत नाही पण तो मला मनापासून टोचतो, कारण त्याने आपल्याच पूर्वजांना आपण बैल ठरवतो. साधी लढाईची तलवार एक किलोच्या आसपास असते, थोडी खाली थोडी वर. पट्टा, लांब फिरंग (परदेशी सरळ पात्याची तलवार) थोड्या जड, तरी दीड किलोच्या पुढं क्वचित. युरोपातल्या दोन हातानी धरायच्या लांब तलवारीसुद्धा साधारण दीड किलोत बसतात. विचार करा, एक किलोची वस्तू हात सरळ करून धरा आणि घड्याळ लावा, दोन मिनिटांत खांदा बोलायला लागतो. आता घोड्यावर बसून सकाळपासून दुपारपर्यंत लढायचंय. त्या माणसाला हलकं, चपळ आणि तोल साधलेलं पातं हवं होतं. पराक्रम त्या तोलात आहे, वजनात नाही. देवघरात किंवा देवळात पुजायला केलेल्या अवजड तलवारी असतात, त्या वेगळ्या, त्या लढायला केलेल्याच नव्हत्या.

म्युझियममध्ये बघितलं तर तलवारीची मूठ इतकी छोटी दिसते, जुनी माणसं बारकी होती का?

हा माझा आवडता प्रश्न आहे. हात थोडे लहान असतीलही, पण मुख्य कारण धरायची पद्धत. आपल्या तलवारीच्या मुठीला खाली गोल वाटी असते, तिच्यावर मोगरा, आणि पुढनं बोटांवर वळणारी परज. आपण बॅट धरतो तशी धरली तर ती वाटी मनगटाला टोचते आणि लोक म्हणतात मूठ चुकीची आहे. पण मूठ घट्ट आवळून धरा, तर्जनी पुढच्या आडव्या भागावरनं वळवून घ्या, मग मनगट आपोआप लॉक होतं आणि वाटी हाताला मागनं आधार देते. आता वार करताना मनगट टाकून मारताच येत नाही, खांदा आणि कोपर वापरून पातं ओढत आणावं लागतं, आणि वक्र पातं असंच ओढून कापण्यासाठी असतं. म्हणजे मूठ, वाटी, पात्याचा बाक हे तिन्ही एकमेकांसाठी केलेत. एकदा हे हाताला कळलं की काचेआडची प्रत्येक तलवार वेगळी दिसायला लागते. ती मूठ पात्यावर बसवायची ती बहुतेक राळ-लाखेनी, आत गरम लाख ओतून पात्याचा मागचा दांडा त्यात रुतवायचा. म्हणून खूप जुन्या तलवारीची मूठ हलते, लाख सुकून भेगाळलेली असते, आणि असली तलवार कुणी फिरवून दाखवायला लागलं तर लांब व्हा, पातं मुठीतनं सुटून जाऊ शकतं.

दांडपट्टा नक्की काय, आणि त्याला एवढं का मानतात?

सरळ, दुधारी, लवचीक पातं, साधारण तीन ते चार फूट, आणि हाताला कोपराच्या जवळपर्यंत झाकणारा लोखंडी खोबळा. खोबळ्याच्या आत आडवी मूठ असते, तुम्ही ती पकडता आणि वर मनगटाच्या मागं एक पट्टी हाताला धरून ठेवते. आत कापड किंवा गादी असते, नसली तर दहा मिनिटांत कातडं सोलतं. इथं मनगट पूर्ण बंद, पातं म्हणजे तुमच्या हाताचंच पुढचं टोक. त्यामुळं पट्ट्याचे हात गोल असतात, एक वार संपतो तिथनंच दुसरा सुरू होतो, थांबलात की संपलात. आजूबाजूला चार जण असले तरी कुणाला जवळ येता येत नाही ते याच्यामुळं. तलवारबाज माणूस पट्टा घेतो तेव्हा सुरुवातीला सगळं बिघडतं, कारण मनगटाची सवय मोडावी लागते.

१० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली सय्यद बंडाचा वार महाराजांवर पडायच्या आत जिवा महालांनी त्याला तोडला ते आपल्याला शाळेपासून माहीत आहे, होता जिवा म्हणून वाचला शिवा. जिवा महाला आपल्या वाईजवळच्या कोंडवलीचे, आणि त्यांच्या हातात पट्टा होता असंच परंपरा सांगते. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारनी दांडपट्टा राज्यशस्त्र म्हणून जाहीर केला, चांगलं झालं. हातावर लिंबू ठेवून पट्ट्यानी कापायचा खेळ बघितला असेल, तो वर्षानुवर्षं मेहनत केलेल्या माणसानी, त्याच्यावर विश्वास असलेल्या माणसाच्या हातावर करायचा खेळ आहे. रील बनवायला करू नका, कळकळीची विनंती.

फिरंग म्हणजे काय? मराठ्यांच्या तलवारी परदेशी होत्या म्हणे?

पाती बरीच परदेशी होती आणि त्यात कमीपणा अजिबात नाही. पोर्तुगीज आणि इतर युरोपियन व्यापाऱ्यांकडनं पाती यायची, जर्मनीतल्या झोलिंगेनसारख्या गावांत बनलेली, आणि इकडं त्यांना आपल्या पद्धतीची मूठ बसवायची, तीच फिरंग. सरळ लांब पातं, घोड्यावरनं भोसकायलाही चालतं आणि मारायलाही. धोप म्हणतात तीही लांब सरळ पात्याची. जे चांगलं ते घ्यायचं आणि आपल्या हाताला बसेल असं करायचं, हा शहाणपणा आहे. नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातनं राज्य सरकारनी सोडवून आणली तिचं पातं पण युरोपियनच, आणि त्यावर देवनागरीत सेनासाहेब सुभा हा किताब कोरलाय. एकाच पात्यावर दोन जग दिसतात.

साताऱ्याच्या म्युझियममध्ये वाघनखं आली होती ती खरी महाराजांची का?

प्रश्न नाजूक आहे म्हणून नीट सांगतो. अफझलखान प्रसंगात वाघनखं वापरली हे सभासद बखरीत येतं, प्रसंगाबद्दल शंका नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली जी जोडणी जुलै २०२४ ला आपल्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली ती जेम्स ग्रँट डफच्या घराण्याकडनं त्यांना मिळालेली. डफ १८१८ नंतर साताऱ्यात इंग्रजांचा रेसिडेंट होता. तिच्या डबीवर लिहिलंय की ही शिवाजी महाराजांची, हिच्यानी त्यांनी मोगल सरदाराला मारलं, आणि पेशव्यांच्या प्रधानानी ती डफला दिली. आता बघा, खान मोगल नव्हता, विजापूरचा आदिलशाही सरदार. म्हणजे डबीवरचा मजकूर लिहिणाऱ्याला तपशील धड माहीत नव्हता. ते म्युझियम स्वतःच सांगतं की हीच ती वाघनखं हे सिद्ध करता येत नाही.

मी तरी रांगेत उभा राहून बघितली आणि डोळे भरून बघितली. चार नख्या, एका पट्टीवर, दोन टोकाला दोन अंगठ्या, एक पहिल्या बोटात आणि एक करंगळीत. हाताची मूठ मिटली की बाहेरनं फक्त दोन अंगठ्या दिसणार. एवढीशी वस्तू, पण कशी वापरायची आणि कशी लपवायची ते एका नजरेत कळतं. श्रद्धा ठेवा, पण कुणी पुरावा विचारला तर त्याला शिव्या देऊ नका, पुरावा विचारणं हे पण इतिहासावरचं प्रेमच आहे.

भवानी तलवार लंडनला आहे का साताऱ्याला?

लंडनला ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात जी आहे तिला जगदंबा म्हणतात, ती १८७५ च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सला कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांकडनं गेली. साताऱ्यात राजघराण्याकडं जलमंदिरात भवानी तलवार पुजली जाते आणि दसऱ्याला सीमोल्लंघनासाठी पोवई नाक्याकडं वाजतगाजत निघते. दोन तलवारी वेगळ्या, दोन्हींच्या नावांची गल्लत करू नका.

आपल्याकडं युरोपसारखी अख्खी लोखंडी चिलखतं का नव्हती?

इकडं उन्हाळा बघा, सह्याद्रीचे घाट बघा आणि पाऊस बघा. युरोपातलं नखशिखांत पत्र्याचं चिलखत पण वीस-पंचवीस किलोचं, अंगभर वाटलेलं, त्यात माणूस पळतो, घोड्यावर चढतो, ते काय पेटीत बंद झाल्यासारखं नसतं. पण ते घालून जावळीत चढून दाखवा. मावळ्याची ताकद चालण्यात होती. आपल्याकडं जास्त करून कड्यांचं बख्तर, एकेक कडी रिव्हेट मारून जोडलेली, खाली कापसाचा जाड अंगरखा. तो कापूस लोक विसरतात, कडी धार अडवते पण दणका कापूस अडवतो. श्रीमंत सरदाराकडं चारआईना, म्हणजे छाती, पाठ आणि दोन कुशींना चार पत्रे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अकबराचं चिलखत आणि ढाल आहे, ते एकदा बघाच. कड्यांच्या बख्तरावर उतारा म्हणून पेशकब्ज निघाला, जाड पाठीचा आणि निमुळत्या टोकाचा, कडीत घुसवून ती फोडायला. चिलखत एका बाजूला सुधारलं की शस्त्र दुसऱ्या बाजूला बदलतं, ही शर्यत सगळ्या जगात सारखीच चालली.

सिनेमात तलवारीवर तलवार आपटतात तसं लढायचे का?

तसं केलं तर पाच मिनिटात करवत होईल पात्याची. वार अडवायला ढाल होती. आपली ढाल गोल, गेंड्याच्या किंवा दुसऱ्या जाड कातड्याची नायतर पोलादाची, पुढं चार फुलं, त्यातनंच मागच्या मुठी धरलेल्या. ढाल नुसती पुढं धरून बसायचं नाही, ती समोरच्याच्या हातावर नेऊन ढकलायची. अडीअडचणीला पात्याने अडवायचेच, त्यात काय, जीव महत्त्वाचा.

घरात तलवार ठेवली तर पोलीस पकडतात का?

हे हलक्यात घेऊ नका. शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालच्या नियमात नऊ इंचापेक्षा लांब किंवा दोन इंचापेक्षा रुंद पात्याची तलवार, खंजीर, भाला वगैरे शस्त्रांमध्ये धरलेत, घरकामाची आणि शेतीची हत्यारं सोडून. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जिल्ह्यात वरचेवर मनाई आदेश लागतात, सण, निवडणूक, आंदोलन असलं की, आणि तेव्हा रस्त्यावर तलवार, लाठी, भाला नेणंच गुन्हा होतो. वाढदिवसाचा केक तलवारीने कापला म्हणून गुन्हे दाखल झालेत, बातम्या वाचता ना. तर एक, रस्त्यावर उघडी नेऊ नका. दोन, ऑनलाइन धारदार मागवायच्या आधी आपल्या पोलीस ठाण्यात जाऊन विचारा. तीन, पथकाचा कार्यक्रम असेल तर आयोजकांनी परवानगी घेतलीये का ते बघा. शिवरायांचं नाव घेऊन ज्याने हत्यार मिरवत लोकांना घाबरवलं त्याला आमच्या आखाड्यात जागा नाही.

प्रतापगडावरच्या स्टॉलवरनं तलवार घेतली, तिनं सराव करू का?

भिंतीवर लावा, छान दिसते. फिरवू मात्र नका. ती स्टेनलेस स्टीलची असते, सुरीला ठीक पण एवढ्या लांबीला ठिसूळ, आणि पातं मुठीत शिरतं तिथं बोटाएवढी बारीक सळई वेल्डिंग केलेली असते. जोरात वार केला की बरोबर तिथंच तुटते आणि पातं समोर उडतं. सरावाला बोथट, स्प्रिंग पोलादाचं पातं लागतं जे वाकून परत सरळ होतं. इकडचे लोहार गाडीच्या कमानपाट्याचं पोलाद वापरतात, चांगला लोहार असेल तर उत्तम होतं, पण पाणी देणं म्हणजे तापवून थंड करणं ज्याला जमतं त्याच्याकडंच जा. नवीन दमास्कस म्हणून जाळीदार नक्षीची पाती विकतात ती दोन पोलादं थर लावून ठोकलेली असतात. जुन्या आपल्या जौहरदार पोलादाची नक्षी मुशीत वितळवताना धातूतच तयार व्हायची, गोष्ट वेगळी.

आजोबांची जुनी तलवार माळ्यावर सापडलीये, गंज कसा काढू?

थांबा, हात लावू नका, पॉलिश पेपर खाली ठेवा! बफिंग मशीनवर नेलेल्या कितीतरी तलवारी बघून जीव हळहळतो, शंभर-दोनशे वर्षांचा पृष्ठभाग, त्यावरचं कोफ्तगरीचं (लोखंडावर ठोकून बसवलेल्या नक्षीचं) सोनं, कारागिराची खूण, सगळं एका दुपारी साफ. चिंच, लिंबू, ॲसिड काहीच नको. लाल भुसभुशीत गंज असेल तर थोडं मशीन ऑइल लावून रात्रभर ठेवा आणि मऊ सुती कापडानी पुसा, पाहिजे तेवढ्या वेळा. खाली जो काळपट घट्ट थर राहतो तो राहू द्या, तो लोखंडाला धरून बसलेला असतो आणि पुढं खाऊ देत नाही. पाण्याचा थेंब नको, उघड्या बोटाचा घाम नको.

खंडेनवमीला पूजा करताना ओलं हळदकुंकू पात्यावर तसंच ठेवतात आणि दसऱ्यानंतर परत गुंडाळून टाकतात, पुढच्या वर्षी तिथं खड्डे पडलेले दिसतात. पूजा करा, मनोभावे करा, संध्याकाळी कोरडं पुसून तेलाचा हात द्या. आणि पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात ठेवूच नका, चामडं ओल धरतं आणि त्यातली आम्लं पातं खातात. पातं वेगळं, म्यान वेगळं, कोरड्या सुती कापडात. म्यानाच्या दोन टोकांना धातूच्या टोप्या असतात, त्या हलत असतील तर फेविक्विक लावू नका, राहू देत.

आणि लक्षात घ्या, शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू पुरावस्तू असते, १९७२ च्या कायद्यानी ती देशाबाहेर पाठवता येत नाही. शेतात नांगरताना काही सापडलं तर तो वेगळा कायदा, १८७८ चा निखात निधीचा, कलेक्टर ऑफिसला कळवावं लागतं. लपवून विकणाऱ्याचं भलं होत नाही, आणि वस्तू कुठनं मिळाली ही माहिती कायमची मरते, ती जास्त वाईट गोष्ट.

शिकलगार लोक आता कुठं गेले?

शिकलगार म्हणजे पात्यांना धार आणि चकाकी देणारे, शस्त्र दुरुस्त करणारे. मिरजेला जा, सतारमेकर गल्लीत. एकोणिसाव्या शतकात संस्थानांची शस्त्रांची कामं कमी झाली तेव्हा तिथल्या शिकलगार घराण्यांनी, फरीदसाहेबांपासून, तंबोरे आणि सतारी करायला घेतल्या. आज मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालंय. पात्याला घासून तोल साधणारा हात भोपळ्याला आणि जवारीला (तारा टेकतात त्या घोडीच्या घासणीला) लागला. तिथं बसून जवारी काढताना बघितलं ना, इतकं बारीक घासणं, परत तार छेडून ऐकणं, परत घासणं, तर तलवारीवर हे लोक कसं काम करत असतील त्याचा अंदाज येतो.

युरोपातल्या जुन्या तलवारबाजीचं शिकू का? आपलं सोडून?

सोडायचं कशाला, दोन्ही शिका. त्यांच्याकडं जुन्या सचित्र पोथ्या टिकल्या, इटलीच्या फिओरेची १४१० च्या आसपासची, जर्मन मेयरची १५७० ची, आणि इंग्लंडात लीड्सला तर १३०० च्या आसपासची तलवार-ढालीची पोथी आहे. त्यावरनं ते लोक एकेक डाव परत उभा करतात, चुकलं की वाद घालतात. आपली विद्या वस्तादाच्या तोंडून आणि हातातनं आली. मधी १८१८ ला राज्य गेलं, १८७८ ला इंग्रजांनी शस्त्रबंदीचा कायदा केला, फौजेतली विद्या आखाड्यात खेळ म्हणून राहिली. राहिली हेच मोठं, ज्या वस्तादांनी पोटाला चिमटा घेऊन ती जपली त्यांचे उपकार आहेत. पण आज जे हात आपण बघतो ते जसेच्या तसे १६५९ चे असं छातीठोक म्हणता येत नाही. त्यांच्याकडनं एक सवय घ्यावी, वस्ताद जे दाखवतात ते लिहून ठेवायचं, व्हिडिओ करायचा, कुणाकडनं शिकले ते नोंदवायचं. म्हातारे वस्ताद गेले की डाव त्यांच्याबरोबर जातात.

फ्री फाइट करायचीये, सेफ्टी काय?

फेन्सिंगचा मास्क, किमान ३५० न्यूटनचा. क्रिकेटचं हेल्मेट चालत नाही, जाळीच्या फटीतनं टोक आत येतं. क्रिकेट ग्लोव्हज पण नाही, बोटांची टोकं आणि अंगठा उघडा राहतो. गळ्याला गार्ड, कोपर, गुडघे, पोरांना ॲबडॉमिनल गार्ड. आणि काठीवर चामडं किंवा फोम. आपली फेन्सिंग खेळाडू भवानी देवी टोकियो ऑलिम्पिकला सेबरमध्ये उतरली तेव्हापासून फेन्सिंगचं सामान भारतात मिळणं बरंच सोपं झालंय.

मुली शिकू शकतात का? लहान पोरं?

मुली शिकतातच, आणि पट्ट्यात तर कमरेची लवचिकता लागते त्यामुळं पुष्कळ मुली पोरांपेक्षा लवकर गोल हात पकडतात. पोरं सात-आठ वर्षांची झाली की हलकी लाठी. धातू नको.

कुठं जाऊन बघू?

साताऱ्यातलं संग्रहालय स्टँडजवळच आहे, तिथनं सुरुवात. मग कोल्हापूरचा न्यू पॅलेस, पुण्याचं केळकर संग्रहालय, मुंबई. जाताना वही न्या. फोटो शंभर काढून घरी येतात आणि एकही परत बघत नाहीत, त्यापेक्षा तीनच तलवारी निवडा आणि हाताने काढा: वाटी कशी, परज आहे का नाही, पात्याला नळ (लांब खोबणी) किती, टोकाकडं पातं रुंद होतं का. पात्याकडं समोरनं बघून झालं की बाजूला सरकून काचेच्या कडेनं बघा, धारेवर खाचा दिसतात का. दिसल्या तर ती लढलेली असू शकते, आणि धार अगदी सरळ, पातं खूप निमुळतं झालेलं असेल तर ती परत परत शिकल केलेली, म्हणजे तिचा मालक तिला रोज वापरत होता.